विश्लेषण : पाहुणे आले आणि माइक गेला! रिकाम्या हॉलमध्ये चालणारे ‘वायरलेस’ ऐन कार्यक्रमात का रुसते?

संध्याकाळी पाच वाजता मंगल कार्यालयात खुर्च्यांना कव्हरे चढत असतात, तेव्हा ऑर्केस्ट्राचा साउंड चेक होतो. गायिका कॉर्डलेस माइक हातात घेऊन स्टेजवरून उतरते, पार दारापर्यंत जाऊन येते. आवाज कुठेही तुटत नाही. गिटारवाला वायरलेस लावून दोन गिरक्या घेऊन दाखवतो. साउंड ऑपरेटर हॉलच्या मधोमध उभा राहून टॅब्लेटवर बोट फिरवतो आणि स्टेजजवळ ठेवलेल्या डिजिटल मिक्सरवर आवाज कमी-जास्त होतो. सगळे ठीक. साडेआठला रिसेप्शनची गर्दी होते आणि दुसऱ्याच गाण्यात गिटार गायब होते. परत येते, पुन्हा जाते. टॅब्लेटवर मिक्सरशी संपर्क तुटल्याचा संदेश झळकतो. गायिकेच्या माइकमधून अर्धा शब्द बाहेर पडतो, अर्धा पडत नाही. हॉलमधली पाचशे माणसे तेव्हा एकाच माणसाकडे वळून बघतात.

तो माणूस अर्थातच साउंडवाला. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे वाया गेलेली वीस मिनिटे नंतर भरून काढता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या वेळी पैसे कापले जातात. बऱ्याचदा कलाकारांचेही. ‘सामान चांगले नव्हते’ हा ठपका पुढच्या दोन-तीन ऑर्डरी घालवतो, ते वेगळेच. प्रत्यक्षात सामान बहुतेक वेळा चांगलेच असते. बिघडलेली असते ती हॉलमधली हवा. आणि त्या हवेत कोण काय सोडत आहे याचा हिशेब ठेवणारा माणूस आपल्याकडच्या लहान-मध्यम कार्यक्रमांत कोणीच नसतो. खरी अडचण ही आहे.

२.४ गिगाहर्ट्झ ही जागा नेमकी कोणाची?

कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. घरचा वायफाय राउटर, ब्लूटूथ इअरबड, स्मार्टवॉच, वायरलेस माउस, स्वस्तातले वायरलेस माइक, गिटारला लावायचे छोटे ट्रान्समीटर हे सारे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न गरम करतो तोही साधारण २४५० मेगाहर्ट्झवर. भारतात हा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. त्यामुळे कमी शक्तीचे उपकरण विकत घ्या, चालू करा, सरकारकडे अर्ज नको.

या मोकळीकीला एक अट जोडलेली आहे आणि ती फार कमी जणांनी वाचलेली असते. हा वापर कोणाच्याही एकट्याच्या हक्काचा नसतो, इतरांना अडथळा करायचा नसतो आणि स्वतःला अडथळा झाला तर संरक्षण मागता येत नाही. म्हणजे लग्नात शेजारच्या लॉनमधल्या राउटरने गायिकेचा माइक पाडला, तर तक्रार नेण्याजोगे दारच नाही. एसटी स्टँडवरच्या बाकड्यासारखा प्रकार आहे. रुमाल टाकून जागा धरता येते, पण रुमालाला कायद्यात किंमत नाही.

जागा किती आहे तेही पाहा. एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. वायफायच्या एका चॅनेलला सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात. राउटरच्या सेटिंगमध्ये १ ते १३ असे चॅनेल दिसतात, पण त्यांच्यातले अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचे असल्याने शेजारचे चॅनेल एकमेकांच्या अंगावर बसतात. एकमेकांना न खेटता राहू शकतील असे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तीन राउटर नीट लावले की पट्टा जवळपास भरला. मग माइकने उभे राहायचे कुठे? फटींमध्ये.

तरीही कंपन्या माइक याच पट्ट्यात बनवतात, कारण हा पट्टा जगभर मोकळा आहे. एकच माल पुणे, दुबई आणि लंडनमध्ये विकता येतो, आणि चिप स्वस्त पडते. ग्राहकाला खोक्यावर ‘परवाना लागत नाही’ हे दिसते. ‘संरक्षणही मिळत नाही’ हे दिसत नाही.

वायफायला जे चालते ते गाण्याला का चालत नाही?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी व्हॉट्सॲप चालते, यूट्यूब चालते, मग माइकलाच काय झाले?

वायफायवर माहितीचे छोटे तुकडे जातात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो. दोनदा, पाचदा. मेसेज अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तर कोणाच्या लक्षात येत नाही. यूट्यूब तर पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवते. म्हणजे वायफायमध्येही अडथळे सतत होतच असतात, फक्त ते उशिराच्या पोटात लपतात.

गाणाऱ्याला उशीर परवडत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबला साडेतीन मीटर दूर सरकवल्यासारखे. तेवढे कलाकार सांभाळून घेतात, कारण स्टेजवर तेवढे अंतर एरवीही असते. पण साध्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे तबलजी ३४ मीटर किंवा त्याहूनही लांब, कार्यालयाच्या फाटकापाशी बसून वाजवतोय. कोणता गायक समेवर येईल?

म्हणून स्टेजवरच्या वायरलेसला मोजक्या मिलिसेकंदांत काम उरकावे लागते. बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२० या गिटार ट्रान्समीटरचा उशीर २.३ मिलिसेकंद सांगितला जातो. एवढ्या वेळेत हरवलेला तुकडा पुन्हा पुन्हा मागवत बसता येत नाही. चांगली उपकरणे तोच आवाज दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर पाठवतात, किंवा गर्दी दिसली की उडी मारून दुसरीकडे जातात. पण उडी मारायला मोकळी जागा तरी हवी. सगळीकडेच गर्दी असेल, तर उडी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात पडते.

जुने ॲनालॉग कॉर्डलेस माइक याबाबतीत जास्त प्रामाणिक होते. सिग्नल खालावला की आधी खरखर यायची, सुस्कारे यायचे. ऑपरेटर सावध व्हायचा आणि गाणे संपायच्या आत दुसरा माइक पुढे करायचा. डिजिटल माइक शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो आणि मग एकदम गप्प होतो. आवाज उत्तम आहे, म्हणजे सिग्नलही उत्तम आहे, असे मानून चालणारे त्यात फसतात.

दोघांमधले भांडण कसे लागते?

वायफाय तसा सभ्य आहे. बोलण्याआधी ऐकतो, दुसरा बोलत असेल तर थांबतो. मात्र त्याचा कान आपल्या भाईबंदांसाठी जितका तिखट आहे, तितका परक्यांसाठी नाही. दुसऱ्या वायफायचा क्षीण सिग्नलही त्याला ओळखू येतो. वायफाय नसलेला सिग्नल त्याहून सुमारे शंभर पट शक्तीचा असेल, तेव्हा कुठे त्याला ‘कोणीतरी बोलतेय’ असे वाटते. हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या गिटारचा बारीक सिग्नल त्याच्या हिशेबी शांतताच. मग तो त्यावरून बिनदिक्कत बोलतो.

उलट बाजूने माइकही गरीब गाय नाही. त्याला सतत, न थांबता पाठवत राहावे लागते. ऐकायला थांबला तर गाण्यात भोक पडेल. स्टेजवर असे चार-पाच ट्रान्समीटर एकदम चालू झाले, की जवळच्या वायफायला बोलण्याची पाळीच मिळत नाही. साउंडवाल्याच्या टॅब्लेटचा मिक्सरशी संपर्क तुटतो तो अनेकदा यामुळे, म्हणजे त्याच्याच सामानामुळे. बाजारातल्या कित्येक लहान डिजिटल मिक्सरांमध्ये अंगचेच वायफाय असते आणि तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झचे. स्टेजच्या कोपऱ्यात, जमिनीवर, लोखंडी रॅकमध्ये ठेवलेल्या मिक्सरच्या त्या बोटभर अँटेनावर पूर्ण कार्यक्रमाचा ताबा सोपवायचा, ही जोखीम आहे. साउंड चेकमध्ये ती चालून गेली म्हणून ती कमी होत नाही.

मांडणीची चूक याहून महागात पडते. जागा वाचवण्यासाठी राउटर नेमका माइकच्या रिसीव्हरवरच ठेवला जातो. साधे गणित करा. राउटरची शक्ती १०० मिलिवॉट धरली आणि तो रिसीव्हरपासून ३० सेंटिमीटरवर आहे. गायिकेच्या माइकची शक्ती १० मिलिवॉट आणि ती १० मीटरवर. अंतराच्या वर्गाने शक्ती घटते, त्यामुळे रिसीव्हरच्या कानाशी राउटरचा आवाज गायिकेच्या माइकपेक्षा सुमारे अकरा हजार पट मोठा पडतो. चॅनेल वेगळा असला तरी एवढ्या ओरडण्यात शेजारचा कोण ऐकणार! राउटर तीन मीटर बाजूला आणि उंचावर नेला, तर हाच आकडा एकशे दहापर्यंत खाली येतो. खर्च शून्य.

मग रिकाम्या हॉलमध्ये सगळे सुरळीत का असते?

पहिले कारण पाणी. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. माणसाचे डोके आणि धड तिच्यापेक्षा मोठे, आणि शरीरात बहुतांश पाणी. पाणी या लहरी शोषते. रिकाम्या हॉलमध्ये माइक आणि रिसीव्हर यांच्यात फक्त हवा होती, आता पाचशे पाण्याच्या पिंपांची भिंत उभी आहे. जेवणाच्या रांगेसाठी माणसे उठून उभी राहिली की ती आणखी उंच होते. गिटारवाल्याच्या कमरेला मागे लावलेला ट्रान्समीटर तर त्याच्याच अंगाआड असतो. तो प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला आणि रिसीव्हर प्रेक्षकांच्या मागे असला, की सिग्नलला आधी त्याच्यातूनच वाट काढावी लागते.

दुसरे कारण प्रत्येक पाहुण्याच्या खिशात आहे. फोन कोणत्याही वायफायला जोडलेला नसला तरी अधूनमधून ‘ओळखीचे कोणी आहे का’ अशी हाक मारत राहतो, आणि एकाच चॅनेलवर नाही, एकेक करत अनेक चॅनेलवर. मनगटावरचे घड्याळ आणि कानातले बड ब्लूटूथवर बोलत असतात. ब्लूटूथ तुलनेने समंजस आहे. त्याचे जुने रूप पट्ट्याचे ७९ तुकडे करून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते आणि गर्दीचे तुकडे टाळते. एक-दोघांचा त्रास होत नाही. शेकडो झाले की ‘टाळायचे’ म्हणजे कुठे जायचे, हा प्रश्न त्यालाही पडतो.

सर्वात मोठा दोषी मात्र मोबाईल हॉटस्पॉट. हॉटस्पॉट म्हणजे खिशातला राउटर. तो वापरला जात नसतानाही ‘मी आहे, मी आहे’ असा पुकारा सेकंदाला जवळपास दहा वेळा करतो, आणि तोही बहुधा सर्वात हळू वेगाने, जेणेकरून जुन्यातल्या जुन्या फोनलाही तो ऐकू यावा. असा एक पुकारा २५० बाइटचा धरला आणि वेग १ एमबीपीएस, तर त्याला दोन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. एका हॉटस्पॉटचा खर्च चॅनेलच्या वेळेच्या दोन टक्के. एकाच चॅनेलवर असे वीस झाले, तर कोणी एकही फोटो न पाठवता चॅनेलचा चाळीस टक्के वेळ संपला.

हे कागदी गणित नाही, हे जगाने थेट स्टेजवर पाहिले आहे. जून २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत होते. हातातल्या फोनवर वेबपेज उघडेना. नंतर त्यांनीच प्रेक्षकांना सांगितले, की या सभागृहात ५७० वायफाय केंद्रे चालू आहेत, ती बंद करा आणि लॅपटॉप खाली ठेवा. त्यातली बरीचशी पत्रकारांनी आणि ब्लॉगरांनी सोबत आणलेली छोटी हॉटस्पॉट होती. जगातल्या सर्वात काटेकोर समजल्या जाणाऱ्या कार्यक्रमाची ही गत. तालमीत तो डेमो चालला असणारच. तालमीला हॉल रिकामा असतो!

लग्नाच्या एका हॉलमध्ये किती जण ‘हवेत’ असतात?

मोजायला घेतले की बोटे पुरत नाहीत. ऑर्केस्ट्राचे माइक, गिटार, मिक्सरचे वायफाय. फोटोग्राफरचे फ्लॅश ट्रिगर बहुतेक २.४ वरच. व्हिडिओवाला कॅमेऱ्यातले चित्र एलईडी भिंतीकडे वायरलेसने पाठवतो. ड्रोनचा रिमोट २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर. लाइटवाल्याने दिव्यांना वायर ओढायचा त्रास वाचवण्यासाठी वायरलेस डीएमएक्स लावलेले असते, तेही प्रामुख्याने २.४. अमेरिकेतल्या काकांसाठी लाइव्ह स्ट्रीमिंग करणाऱ्याचा स्वतःचा राउटर. कार्यालयाचे वायफाय आणि सीसीटीव्ही. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. आणि शेजारच्या लॉनवर हेच सगळे, दुसऱ्या लग्नाचे.

यातला प्रत्येक जण वेगळा ठेकेदार आहे आणि प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापले सामान एकेकटे तपासलेले आहे. सगळे एकदम चालू कधी होतात? वधू-वरांची एन्ट्री असते तेव्हा. ड्रोन वर, एलईडी भिंत चालू, सगळे दिवे फिरताहेत, फ्लॅश उडताहेत, पाहुण्यांचे फोन हातात. आणि त्याच क्षणी गायिकेने पहिला सूर लावायचा असतो.

यात एक अन्यायही आहे. फ्लॅश एकदा उडला नाही तर फोटोग्राफर दुसऱ्यांदा बटण दाबतो, कोणाला कळत नाही. दिवा क्षणभर अडखळला तर तो इफेक्ट वाटतो. ड्रोनचे चित्र हलले तर एडिटिंगमध्ये कापता येते. सगळ्यांची चूक झाकली जाते, आवाजाची तेवढी पाचशे जणांना एकदम ऐकू जाते. सहा जणांनी मिळून केलेल्या गर्दीची शिक्षा एकटा साउंडवाला भोगतो. त्यात कलाकारांचे हाल वेगळे. कानातले मॉनिटर तुटले तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि सूर हलतो. प्रेक्षकाला ते वायरलेसचे नाही, गळ्याचे अपयश वाटते.

महाग माइक घेतला की सुटका होते का?

काही अंशी. व्यावसायिक माइक बहुतांशी यूएचएफ पट्ट्यात, म्हणजे वायफायपासून दूर चालतात, आणि तिथे लहरीही लांब असल्याने गर्दीतून बऱ्यापैकी निघतात. पण यूएचएफ म्हणजे मोकळे रान नाही. तिथे टीव्ही प्रसारणाचा आणि मोबाईल कंपन्यांचा वावर आहे, आणि देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झमध्ये चालणारे वायरलेस माइक वापरायला जून २०१० पासून बंदी आली, कारण ती जागा मोबाईल आणि आपत्कालीन सेवांना दिली गेली. पुढे ६०० मेगाहर्ट्झच्या मोठ्या भागातूनही जुलै २०२० मध्ये माइकना बाहेर पडावे लागले. तिथे निरुपयोगी झालेले असे सामान ‘अमेरिकन माल, स्वस्तात’ म्हणून नातेवाइकाने बॅगेतून आणले, तर इथे आनंद मानण्याआधी त्यावर छापलेली फ्रिक्वेन्सी वाचावी. भारतातही ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात विकला गेला आहे आणि त्यावर फाइव्ह-जी चालते.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर हलवणे हा जास्त सोपा आणि स्वस्त मार्ग. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये या भागातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, म्हणजे २.४ च्या सात पटींहून अधिक जागा. भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतो, पण मिक्सरपासून ऑपरेटरपर्यंत मोकळा हॉल असेल तर वीस-तीस मीटर आरामात जातो. मिक्सरचे अंगचे वायफाय बंद करून त्याला केबलने वेगळा राउटर जोडायचा आणि तो स्टँडवर डोक्यांच्या वर ठेवायचा. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचा निवडावा. मधले बरेच चॅनेल रडारच्या शेजारचे असल्याने, रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून उठावे लागते आणि नवी जागा तपासेपर्यंत किमान मिनिटभर गप्प बसावे लागते. ऐन गाण्यात मिनिट म्हणजे फार झाले.

नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्लाही साउंडवाल्यांच्या ग्रुपवर फिरत असतो. त्याने पाहुणे पासवर्ड विचारत नाहीत, एवढाच फायदा. नाव लपले तरी पुकारा तेवढाच चालू राहतो. तसेच फोनवरचे ‘वायफाय ॲनालायझर’ ॲप. ते उपयोगी आहे, पण त्याला फक्त वायफाय दिसते. माइक, ड्रोनचा रिमोट, डीएमएक्स, ओव्हन यातले काहीच त्याला दिसत नाही. ॲपमध्ये चॅनेल मोकळा दिसला म्हणून तो मोकळा आहे, असे नाही.

नाट्यगृहांचा विषय निघाला की जॅमरचीही आठवण होते. प्रयोगात वाजणाऱ्या फोनना कंटाळून मराठी रंगकर्मींनी जॅमर बसवण्याची मागणी अनेकदा केली आहे. चीड समजण्यासारखी आहे, उपाय मात्र चुकीचा. खासगी जॅमर भारतात बेकायदा आहेत, दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आणि लहरींचा गोंगाट करूनच काम करणाऱ्या यंत्राच्या शेजारी नटांचे कॉलर माइक शांतपणे चालतील, अशी आशा धरणेही भाबडेपणाचे.

मग जबाबदारी कोणी घ्यायची?

मोठ्या कार्यक्रमांनी हा प्रश्न यंत्राने नाही, माणसाने सोडवला आहे. अमेरिकेत एनएफएलच्या फुटबॉल सामन्यांना प्रत्येक मैदानावर फ्रिक्वेन्सीचा समन्वयक असतो. वायरलेस घेऊन येणाऱ्याने आधी त्याच्याकडे नोंद करायची, तो जागा वाटून देतो. आपल्याकडच्या मोठ्या कॉन्सर्टमध्येही साउंड कंपन्या हे काम करतात. तेवढा खर्च रिसेप्शनला परवडणार नाही, हे खरे. पण त्या पद्धतीचा कणा म्हणजे एक यादी आहे आणि यादीला पैसे लागत नाहीत.

ती यादी कार्यालयाने किंवा इव्हेंट मॅनेजरने करावी. कार्यालय आजही बुकिंगच्या फॉर्मवर जेवणाची पाने विचारते, जनरेटर लागणार का विचारते, डेकोरेशनवाल्याने भिंतीला खिळे ठोकू नयेत हे बजावते. त्यात एक ओळ वाढवायची, कोणते वायरलेस सामान येणार आणि ते कोणत्या पट्ट्यात चालते. शेजारी साउंड, लाइट, व्हिडिओ आणि ड्रोन अशा चार जणांचे फोन नंबर. कार्यालयाचे स्वतःचे वायफाय कोणत्या चॅनेलवर आहे हे सांगणे तर त्यांच्या हातात आहेच, आणि स्टेजजवळचा राउटर त्या संध्याकाळपुरता २.४ वर बंद ठेवणेही. ‘हे आमचे काम नाही’ असे कार्यालये म्हणतात. विजेच्या लोडबद्दल त्यांना असे म्हणता येत नाही, कारण फ्यूज उडाला तर त्यांचाच हॉल अंधारात जातो. हवेचा फ्यूज उडतो तेव्हा अंधार फक्त साउंडवाल्याच्या वाट्याला येतो, म्हणून ती ओळ अजून फॉर्मवर आलेली नाही.

कलाकारांनाही यात थोडे ऐकून घ्यावे लागेल. स्टेजवरचे निम्मे वायरलेस हौसेचे असते. गायिकेला पाहुण्यांमध्ये उतरायचे असते, निवेदक फिरतो, गिटारवाला नाचतो, त्यांना ते हवेच. नाटकात नटाच्या अंगावर कॉलर माइक लागतोच. पण कीबोर्डवाला तीन तास एका जागेवर असतो. ढोलकी, ऑक्टोपॅड, हार्मोनियम कुठे जाणार आहेत? ज्याला हलायचेच नाही त्याला वायर द्यावी, म्हणजे हवेत ज्याला खरोखर जायचे आहे त्याला जागा उरते. टॅब्लेटचेही तसेच. ऑपरेटर हॉलमध्ये टेबल मांडून बसणार असेल, तर मिक्सरपासून तिथपर्यंत एक लॅनची केबल ओढून लॅपटॉप जोडावा. तीस मीटरची केबल एका चांगल्या वायरलेस माइकच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि पाहुणे आले म्हणून तिचा वेग कमी होत नाही.

पाहुण्यांकडून किती अपेक्षा करायची? फोन बंद करा म्हटले तर कोणी करणार नाही आणि करूही नये, नातीचा नाच टिपायलाच आजी फोन घेऊन बसली आहे. निवेदकाने सुरुवातीला एवढेच सांगावे, की ज्यांनी हॉटस्पॉट चालू ठेवला असेल त्यांनी तो बंद करावा. प्रवासात कोणाला तरी नेट देण्यासाठी चालू केलेला आणि तसाच राहिलेला हॉटस्पॉट अनेकांच्या खिशात असतो. फोनच्या वरच्या पट्टीत त्याची खूण दिसते.

साउंड चेकची वेळ मात्र बदलता येत नाही, पाहुणे आल्यावर ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत बसणे बरे दिसत नाही. काही अनुभवी ऑपरेटर त्यावर वेगळा मार्ग काढतात. एन्ट्रीच्या आधी, हॉल भरत असताना आणि रेकॉर्डवर सनई चालू असताना, ते सगळे ट्रान्समीटर चालू करतात, मिक्सरवर म्यूट ठेवतात आणि एकजण गायिकेचा माइक घेऊन खुर्च्यांमधून चक्कर मारून येतो. आवाज बाहेर जात नाही, पण रिसीव्हरवरचे दिवे कुठे मंदावतात ते दिसते. तेवढ्यात ड्रोनवाल्याला आणि लाइटवाल्याला दोन मिनिटे सामान चालू करायला सांगितले, तर चित्र पुरते स्पष्ट होते. आणि तरीही ते स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, गायिकेच्या हाताला लागेल अशा स्टँडवर, वायरचा एक माइक लावूनच ठेवतात.